मोकळी पिन

खमरिया म्हटलं की बाहेरच्यांना दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. मी बोलणार आहे ते मात्र इथल्या माझ्या घरच्या टेबलावरच्या कामाबद्दल. रेग्युलेटर चिपच्या ज्या पिना आपण वापरत नाही, त्यांचं काय करायचं?

टाकीतली पाण्याची पातळी दाखवणारा एक बोर्ड मी केला होता. १२ व्होल्टची बॅटरी, रेग्युलेटर एलपी २९८५. त्याची चालू-बंद पिन मला नको होती, म्हणून तशीच सोडली. उन्हाळाभर बोर्ड छान चालला. पावसाळ्यात मधूनच बंद पडायला लागला, आणि बोट जवळ नेलं की सुरू! दोन दिवस मी बॅटरीलाच दोष देत बसलो. खरं तर ही पिन प्रवाह जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे बोर्डावरची ओल, बोटातून येणारी घरच्या विजेची गुणगुण, कुणीही तिचा निर्णय फिरवतं. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: पिन अधांतरी ठेवू नका, नको असेल तर इनपुटला जोडा.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. एमआयसी ५२०५ मध्ये ही पिन मोकळी म्हणजे रेग्युलेटर बंद. एलएम २५९६ मध्ये उलट: मोकळी सोडा किंवा ग्राउंड करा, तो चालूच राहतो, सवयीने इनपुटला जोडलीत तर बंद. टीपीएस ५४३३१ चं इनपुट २८ व्होल्टपर्यंत चालतं, पण त्याच्या एनेबल पिनची मर्यादा फक्त ६ व्होल्ट. तिथे माझा उपाय केलात तर चिप गेलीच. ती पिन मोकळीच बरी.

बाकीच्या पिना कमी त्रासाच्या. एमआयसी ५२०५ ची बायपास पिन कपॅसिटर नसेल तर मोकळी चालते. ‘एनसी’ म्हणजे बहुधा आत काही जोडलेलं नाही; पण ‘डीएनसी’ लिहिलं असेल तर तिला हात लावू नका, आत कंपनीची चाचणीची तार असू शकते.

तयार बोर्ड दुरुस्त करायचा असेल तर एलपी २९८५ ची १ नंबरची पिन इनपुट, ३ नंबरची चालू-बंद, आणि दोन्हींच्या मधे ग्राउंड. इनॅमलची बारीक तार वरून कमानीसारखी न्या, आणि बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरने १ आणि २ मधलं शॉर्ट तपासा. मी पहिल्यांदा तपासलं नव्हतं.