घर विकलं, गॅरंटीचं काय?

साक्रीत जुनं घर घेताना आपण उतारा डोळ्यांत तेल घालून बघतो. गच्चीवर मात्र कुणी चढत नाही. चढा! तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहेच, आता घरांवरही पॅनल दिसतात. पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी साधारण २५ वर्षांची. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तर ५ वर्षं देखभाल पुरवठादाराकडे. पण सगळे कागद जुन्या मालकाच्या नावावर! म्हणून पॅनलमागच्या स्टिकरवरचा आणि इन्व्हर्टरवरचा नंबर बिलाशी ताडून पाहा, महावितरणकडे मीटर नावावर करून घ्या आणि पुरवठादाराला लेखी कळवा.

वॉटरप्रूफिंगचं प्रकरण जरा नाजूक. हमीपत्र बहुधा काम करून घेणाऱ्याच्या नावाचं, आणि ‘अहस्तांतरणीय’ हा शब्द असलाच तर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. तसं दिसलं तर खरेदीखताआधीच ठेकेदाराकडून नव्या नावाचं पत्र मागा. नाही मिळालं, तर भावात घासाघीस करायची वेळही तीच.

रेरा नोंदणीच्या प्रकल्पातला फ्लॅट असेल, तर ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते. तेव्हा ताब्याची तारीख विचारा. आणि बिलं, हमीपत्रं किल्ल्यांबरोबरच हातात घ्या.