मोटारीचे जादा दिवे आणि इंजिनाचा वारा



मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. मोटारदुरुस्ती हा काही माझा विषय नव्हे. तरीही आज मोटारीला लावायच्या जादा दिव्यांविषयी बोलणार आहे. कारण या दिव्यांनी आमच्या घरच्या शहाण्यासुरत्या माणसांना एकदा असे काही चकवले की, कार्यकारणभाव शिकवताना मी ती हकिकत वर्गात अजून सांगतो.

आमची मावशी आंबोली घाटाच्या पायथ्याशी राहते. तिच्या मुलाकडे, म्हणजे आमच्या दादांकडे, एक जुनी जीप आहे. आषाढात या घाटात धुके असे दाटते की, बॉनेटच्या पुढचे दिसत नाही. म्हणून दादांनी एका पावसाळ्यात जीपला दोन मोठे गोल दिवे बसवून घेतले. बसवणाऱ्याने पुढची जाळी पाहिली, आयती जागा दिसली. पट्टी मारली आणि दिवे जाळीला जवळजवळ चिकटवून मधोमध लावले. जीप दिसायला मोठी झोकदार झाली. पावसाळा गेला, थंडी गेली, काही बिघडले नाही.

पुढे वैशाखात एका संध्याकाळी मावशीच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासून बेळगावला हलवायला सांगितले. घाट निम्मा चढतो न चढतो तोच उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ निघू लागली. दादा म्हणाले, "हे दिवेच गाडी तापवतायत!" आणि त्यांनी दोन्ही जादा दिवे बंद केले. थोडे थांबून पुन्हा निघालो, पुन्हा काटा वर. मागून आलेल्या एका टेंपोवाल्याने मावशीला पुढे नेले, म्हणून निभावले. ती वाचली, आज हिंडतेफिरते आहे. पण काळोखात घालवलेला तो पाऊण तास आम्ही कोणी विसरलेलो नाही.

आता गंमत पाहा. दादांनी चोर बरोबर पकडला होता. आरोप मात्र चुकीचा ठेवला होता. दिवे पेटल्यामुळे गाडी तापत नव्हती. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. घाट चढणारे इंजिन २० किलोवॅटचे काम करीत असेल, तर जवळपास तितकीच उष्णता ते थंड करण्याच्या पाण्यात टाकत असते. वीस हजारांपुढे एकशेदहाचा काय पाड? दिवे विझलेले असोत की पेटलेले, ते भरदिवसाही तेवढेच नुकसान करीत होते. कारण ते वाऱ्याच्या वाटेत उभे होते.

इंधन जाळून जी उष्णता मिळते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला बराच भाग धुराबरोबर जातो आणि बराच पाण्यातून रेडिएटरकडे येतो. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून वारा वाहिला, तरच ती बाहेर पडते. सपाट रस्त्यावर वेगामुळे वारा आपोआप आत घुसतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जीप रांगत असते. इंजिनावर भार सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. जो काही वारा, तो पंखा ओढील तेवढाच.

आणि आमचे दिवे नेमके पंख्यासमोर! मी नंतर टेप घेऊन मोजले. दिव्याचा व्यास १८ सेंटिमीटर, म्हणजे दोघांनी मिळून सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर जागा अडवलेली. रेडिएटर ५० सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच, म्हणजे २,००० चौरस सेंटिमीटर. चौथा हिस्सा झाकलेला! दिवा पुढे वीतभर अंतरावर असता, तर वारा त्याला वळसा घालून मागे काही अंशी एकत्र आला असता. जाळीला चिकटलेला दिवा म्हणजे भांड्यावरचे झाकणच.

मग आषाढात का नाही तापली? आषाढात घाटातला वारा थंड असतो. चौथा हिस्सा झाकूनही रेडिएटरला पुरत होते. चूक पावसाळ्यात झाली आणि तिची वसुली उन्हाळ्यात. मध्ये इतके महिने गेल्यावर दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात यावा? दादांनी तर त्याआधी पाण्याचा पंपसुद्धा बदलला होता!

अशी सजावट करण्याची हौस पुष्कळदा छायाचित्रांवरून येते. १९६४ साली पॅडी हॉपकर्कने मिनी कूपर गाडीतून माँटे कार्लोची शर्यत जिंकली; तिच्या तोंडावरही दिव्यांची रांग होती. पण त्या मिनीचे इंजिन आडवे आणि रेडिएटर बाजूला, चाकाच्या कमानीशी असतो. शिवाय ती शर्यत जानेवारीतली, बर्फातली. आपण दिवे तेवढे पाहतो.

मग दिवे लावावेत कुठे? बंपरच्या दोन टोकांना, जाळीच्या कडेबाहेर आणि शक्य तितके खाली. यात दुहेरी लाभ आहे. धुक्यात उंचावरचा झोत पाण्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर परततो. खालून जाणारा पसरट उजेड रस्ता दाखवतो. मात्र पुष्कळ नव्या गाड्या बंपरखालच्या फटीतूनच वारा घेतात, आणि रेडिएटरच्या पुढे वातानुकूलनाची जाळीही असते. तेव्हा आधी वाकून वाट कुठे आहे ते पाहावे. रेडिएटरच्या पत्र्यांनाच पट्ट्या आवळून दिवा टांगण्याचा प्रकार तर मुळीच करू नये. हादऱ्यांनी नळी घासते आणि एक दिवस पाणी गळू लागते.

१२ व्होल्टवर दोन दिवे नऊ-सव्वानऊ अँपिअर ओढतात, म्हणून जाड तार, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. समोर शोधदिवा लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मनाई आहे. अपवाद म्हणून लावायचा, तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. धुक्याचे दिवे निराळे.

आणि एक. गाडी तापलीच, तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते. नव्या गाड्यांत ते १०० अंशांच्या वर, १२० च्या आसपास गेल्याखेरीज उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि सगळे पाणी एकदम उसळून हातातोंडावर येते. इंजिन बंद करावे, अर्धापाऊण तास थांबावे, मग जाड फडके धरून हळूहळू झाकण फिरवावे.

दादांनी तेच दिवे बंपरच्या टोकांना हलवले. पुढच्या वैशाखात त्याच जीपने आम्ही घाट चढलो, या वेळी मावशी पुढच्या सीटवर बसून. काटा मध्यावरून फारसा हलला नाही. दादा मात्र पाण्याचा कॅन अजून बरोबर घेतात.