वादात्मक निबंधातील भूमिका-परिच्छेद



सहावी-सातवीच्या वर्गात ‘यंत्रयुग : शाप की वरदान ?’ असा विषय फळ्यावर लिहिला, की बहुतेक वह्यांतून एकच निबंध अवतरतो. अर्धे पान शापाचे, अर्धे पान वरदानाचे, आणि अखेरीस नाण्याच्या दोन बाजूंचे ठराविक वाक्य. दोन्ही बाजू मांडल्या जातात खऱ्या. परंतु विद्यार्थी स्वतः कोणत्या बाजूस उभा आहे, हे वाचकास शेवटपर्यंत कळत नाही. हा दोष भाषेचा नव्हे. स्वतःचे मत सांगण्याची सवयच त्या मुलास लागलेली नसते.

ही सवय भूमिका-परिच्छेदाने लावता येते. निबंधाच्या आरंभीचा हा लहानसा परिच्छेद चार कामे करतो : वादाचा प्रश्न सांगतो, विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवितो, लेखकाचे मत एका वाक्यात ठेवतो, आणि पुढे येणारी कारणे क्रमाने सूचित करतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात ही चारही अंगे आढळतात. प्रश्न होता बहुजनांच्या शिक्षणाचा. वरच्या वर्गांस दिलेले शिक्षण यथाकाल खाली झिरपेल, हा सरकारी पक्ष. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, हे जोतीरावांचे मत. आणि सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, हे त्यांचे एक कारण. सक्तीच्या शिक्षणाची ही मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. पुढे २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. स्पष्टपणे मांडलेले मत असे टिकून राहते.

वर्गात विषय गावातलाच घ्यावा. ‘स्वच्छता चांगली’ या वाक्यास कोणी नाही म्हणणार नाही. म्हणून ती भूमिका नव्हे. ‘बाजाराच्या दिवशी शाळेचे मैदान गाड्यांस देऊ नये’ या वाक्यास मात्र विरोध करणारे गावात भेटतील. प्रथम मुलांचे दोन गट करून तोंडी वाद घडवावा, मग गटांची अदलाबदल करावी. त्यानंतर प्रत्येकाने आपले मत पाटीवर एकाच वाक्यात लिहावे. मगच परिच्छेद, तो साधारण असा :

‘बाजाराच्या दिवशी शाळेचे मैदान गाड्यांसाठी द्यावे की नाही, असा प्रश्न आहे. रस्त्यावर दाटी होते म्हणून ते द्यावे, असे व्यापारी म्हणतात, व त्यांची अडचण खरी आहे. तरीही मैदान देऊ नये. कारण गाड्यांमुळे लहान मुलांस धोका आहे, आणि त्या दिवशी खेळाचा तास बुडतो.’

येथे पुढील दोन परिच्छेदांचा क्रमही आपोआप ठरला : आधी धोका, मग खेळ.

तपासताना एक पथ्य अवश्य पाळावे. गुण मताला देऊ नयेत. मत आणि कारण यांच्या सांध्याला द्यावेत. शिक्षकाच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्या मुलाचे गुण एकदा कापले गेले, की सारा वर्ग पुन्हा नाण्याच्या दोन बाजूंकडे वळतो. आज पाटीवर आपले मत लिहिणारी मुलगी उद्या ग्रामसभेत बसणार आहे. तेथे तिने उभे राहून, दुसऱ्याचे ऐकून, कारणासह बोलावे, याची तयारी या चार वाक्यांतच होते.