एकट्याचें घर

पाथर्डी तालुक्यांतील चिचोंडी गांवीं १९०० सालीं आचार्य आनंदऋषींचा जन्म झाला. १९१३ सालीं त्याच तालुक्यांतील मिरी येथें त्यांनीं दीक्षा घेतली. स्थानकवासी जैन साधूचा संसार म्हणजे थोडीं वस्त्रें, काष्ठपात्रें, रजोहरण व ग्रंथ. तोहि स्वतःच वाहावयाचा. शिवाय ‘प्रतिलेखना’ नांवाचा नियम असा कीं, आपलें प्रत्येक वस्त्र व पात्र सकाळ-सायंकाळ निरखून पाहावें. त्यांत एखादा जीव सांपडून मरूं नये. जेवढें राखतां येईल तेवढेंच बाळगावें, हा त्यांतून निघणारा बोध.

एकट्या राहणाऱ्या गृहस्थास तो फार उपयोगी आहे. भरल्या घरांत अडगळीबद्दल कोणीतरी बोलतें. एकट्याला टोकणारें कोणी नाहीं. आधीं खुर्चीवर रद्दी चढते, मग बाजेवर कपडे. शेवटीं आलेल्या स्नेह्यास बसावयास जागा उरत नाहीं, आणि तोहि येईनासा होतो.

घर एका दिवसांत रिकामें करण्याच्या भरीस त्यानें पडूं नये. रोज एकच फळी किंवा ट्रंक उघडावी. जी वस्तु पुसून, दुरुस्त करून पुन्हां ठेवण्याची तयारी असेल ती राहो. बाकीची गरजूच्या घरीं जावो. आईचें लुगडें दरवर्षीं ऊन दाखवून घडी घालून ठेवलें, तर ती अडगळ नव्हे. कसर लागूं दिलेली शाल मात्र अडगळच. आरंभ खुर्चीपासून करावा. ती पाहुण्याची आहे.