काम काय करता?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. तरी आज डॉक्टरांविषयी बोलणार आहे; कारण आपल्यापैकी अनेकांना आपल्या मुला-मुलींना डॉक्टर करायचे आहे.

माझे वडील मालेगावात यंत्रमागावर काम करीत. शनिवार आला की त्यांची छाती आवळल्यासारखी होई. मोहल्ल्यातले डॉक्टर मनाने चांगले होते. छाती तपासत, खोकल्याचे औषध देत, "आराम करा" म्हणत. पण "चाचा, काम काय करता?" असे त्यांनी कधी विचारले नाही आणि वडिलांनीही सांगितले नाही. रोजावर घर चालत असताना आराम कुठला?

पुढे वाचनात आले की, कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा छातीचा विकार होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते, ही त्याची खूण. पुस्तकांत तो 'सोमवारचा त्रास' आहे. पण मालेगावचे माग जुम्म्याला बंद असतात, म्हणजे आपल्याकडे तो शनिवारी यायचा! वडिलांना तोच विकार होता का, हे आता सांगता येणार नाही. कारण त्या दृष्टीने कोणी पाहिलेच नाही.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'तुमचा धंदा कोणता?' या प्रश्नाची भर घाला, असे त्याने सांगितले. तीनशे वर्षे उलटली, तरी हा प्रश्न आपल्या गल्लीतील दवाखान्यात क्वचितच ऐकू येतो.

भारतात एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. पण त्याचा रोख मुख्यतः कारखान्यांच्या डॉक्टरांवर. मागावरचा, भट्टीवरचा, वेल्डिंगचा कामगार आधी जातो तो घरच्या डॉक्टरकडे. म्हणून हे शिक्षण त्यालाच हवे. काम कोणते, किती वर्षे? धूळ, आवाज, रसायन किती? सुट्टीत बरे वाटते का? सोबत्यांनाही तोच त्रास आहे का? एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात.

दुसरी गोष्ट कामावर परतण्याची. ब्रिटनमध्ये २०१० पासून दाखल्यावर डॉक्टर असेही लिहू शकतो की, कामात अमुक बदल केला तर हा माणूस काम करू शकेल. रोजी बुडू नये आणि दुखणेही वाढू नये, असा हा मधला मार्ग. आपल्या डॉक्टरांनीही तो शिकावा.

पालकहो, दवाखान्यात गेलात की न विचारता आपले काम सांगा. त्यात लाज कसली? आणि मुलांनो, तुमच्यापैकी जो कोणी उद्या डॉक्टर होईल, त्याने नाडीला हात लावण्यापूर्वी समोरच्या माणसाच्या हातांकडे पाहावे. ते हात काय काम करतात, हे विचारावे. माझ्या वडिलांना जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो तुम्ही विचारावा, एवढीच विनंती.