शाळेची वार्ता घरापर्यंत

मृगाच्या सरी पडून माळव्याची काळी जमीन भिजली की धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांत दोन कामे एकाच वेळी उभी राहतात. शेतात सोयाबीनची पेरणी सुरू होते आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर गावोगावच्या प्राथमिक शाळा पुन्हा भरू लागतात. मध्य प्रदेशात शालेय वर्षाचा आरंभ एप्रिलमध्येच होतो. तथापि घराच्या दृष्टीने खरे नवे सत्र सुरू होते ते जून महिन्यात. पेरणीविषयी घराला सारे ठाऊक असते. बियाणे कोणते, ओल किती, पाऊस किती दिवस थांबला तर धोका, हे घरातील दहा वर्षांचे मूलही सांगू शकते. शाळेविषयी मात्र त्याच घराला काय ठाऊक असते, हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा एका वाक्यात संपते : मुलाचे नाव घातले आहे.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने या दोन्ही ठिकाणी आपल्या गाद्या स्थापिल्या. देवासची गोष्ट तर फारच आगळी होती. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत. गावातील मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन राज्यांत मोडत, आणि पाण्याची व दिव्यांची व्यवस्थाही निरनिराळी असे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात प्रसिद्ध केल्या. १९४८ साली ही दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तो दुहेरी कारभार संपला.

परंतु पहिल्या इयत्तेतील मुलाच्या वाट्याला तसाच दुहेरी कारभार आजही येतो. घर हे एक राज्य आणि शाळा हे दुसरे. दोहोंची भाषा वेगळी, वेळ वेगळी, शिस्त वेगळी. एका राज्यातील हुकूम दुसऱ्यास माहीत नसतो. आणि या दोन दरबारांमधील एकमेव जासूद म्हणजे सहा वर्षांचे ते मूलच. उद्या कागदपत्रे आणायची आहेत, परवा लस टोचणार आहेत, शनिवारी बालसभा आहे, हे सारे निरोप त्याने घरी पोचवावेत अशी अपेक्षा असते. मोठ्या माणसांनी करावयाचे काम असे लहानग्याच्या डोक्यावर टाकले जाते, आणि निरोप वाटेत हरवला की दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

भाषेचा प्रश्न प्रथम पाहावा. शाळेची सूचना हिंदीत निघते, तीही बहुधा कार्यालयीन हिंदीत. देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात माळवी बोलली जाते. बागलीच्या डोंगराळ भागात बारेली आणि कोरकू. धार जिल्ह्यातील कुक्षी, गंधवानी, डही या बाजूस भिली आणि भिलाली. दोन्ही शहरांतील जुन्या मराठी घरांत आजीची भाषा अजून मराठीच आहे. हिंदी सर्वांना थोडीफार समजते हे खरे. पण बाजारात भाव करण्यापुरती हिंदी येणे निराळे आणि 'शाला प्रबंधन समिति की बैठक में उपस्थिति अनिवार्य है' या वाक्याचा आशय मनात उतरणे निराळे. असला कागद घरात येतो, कोनाड्यात ठेवला जातो आणि तेथेच राहतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. धार जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर दहा जणांमध्ये सुमारे सहा, आणि देवास जिल्ह्यात सुमारे सात साक्षर आढळले. स्त्रियांमधील प्रमाण याहून बरेच कमी होते. अनेक घरांत शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी होय. शिवाय दिवाळी आटोपली की यांपैकी कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि भगोरियाच्या सुमारास, नाहीतर पेरणीला, परत येतात. इकडे देवास शहरात आणि धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे कारखान्यांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेल्या बापाला सकाळी अकराची सभा म्हणजे झोपेच्या मध्यावर आलेले बोलावणे. अशा पालकांना उद्देशून 'त्यांना आस्थाच नाही' असे म्हणणे सोपे असते. परंतु ते न्यायाचे नसते.

मूल एका दिवसात शाळा सोडत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पेरणीच्या आठवड्यात धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी ते घरी राहते. परत जाते तेव्हा धडा पुढे गेलेला असतो. मागे पडल्याची लाज वाटून ते आणखी दोन दिवस बुडवते. घराला त्याचे कारण कळत नाही, आणि शाळेला पेरणीचे कारण कोणी सांगितलेले नसते. दिवाळीनंतर ते आईबापांबरोबर बाहेरगावी जाते. चार महिन्यांनी परत आल्यावर घराची समजूत अशी की, नाव आता कमी झाले असेल, पुन्हा गेले तर कोणी रागावेल. कोणीही त्याला काढलेले नसते, कोणी हाकललेले नसते. केवळ दोन्ही बाजूंच्या अबोल्याने एका मुलाचे शिक्षण संपलेले असते.

शाळा आणि घर यांच्या संबंधाचा इतिहास पाहिला तर प्रारंभी राज्यसंस्थेने पालकाकडे काहीशा संशयानेच पाहिलेले दिसते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळी हे पाऊल फार मोठे व आवश्यक होते. परंतु दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. ते आत टिकते ते घराच्या मनाने घेतले तरच. गिजुभाई बधेका यांना ही गोष्ट पुरती उमगली होती. म्हणूनच त्यांनी शिक्षकांप्रमाणे आईबापांसाठीही स्वतंत्र पुस्तके लिहिली, आणि काशिनाथ त्रिवेदी यांनी त्यांचे लेखन हिंदीत आणून या प्रांतातील वाचकांपर्यंत पोचविले.

मध्य प्रदेशाने पुढे याच दिशेने एक धाडसी प्रयोग केला. १९९६ साली लोकसंपर्क अभियानात शिक्षक आणि पंचायतीचे लोक घरोघर गेले आणि कोणते मूल शाळेत जाते, कोणते जात नाही, याची गावागावांत नोंद केली. त्यातून १ जानेवारी १९९७ रोजी शिक्षण हमी योजना निघाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावातील ४० मुलांसाठी, आदिवासी भागात २५ मुलांसाठी, पालकांनी मागणी केली, तर ९० दिवसांच्या आत शिक्षक देण्याचे शासनाने मान्य केले. तेथे शिकविणाऱ्यास 'गुरुजी' म्हणत. तो बहुधा त्याच परिसरातील असे, त्यामुळे घराची बोली त्याला परकी नसे. पालक येथे दंडास पात्र इसम राहिला नाही. तो मागणी करणारा झाला. २००२ च्या जनशिक्षण कायद्याने राज्यातील शाळाशाळांत पालक-शिक्षक संघ आणले. त्यानंतर १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे ठरविले. अधिकार कागदावर आला आहे. तो वापरण्यासाठी लागणारी माहिती घरात पोचणे, हे काम उरले आहे.

नव्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात घराला निदान काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. उशिरा आलेल्या मुलालाही शाळेत घ्यावेच लागते, आणि शिक्षण मध्येच सुटले असेल तर त्याला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेले शिकविण्याची जबाबदारी शाळेची असते. कुटुंब दुसऱ्या गावी जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला विनाविलंब मिळाला पाहिजे. मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंस कायद्याने मनाई आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षातून किमान २०० दिवस शिकविले गेले पाहिजे. आणि आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही ही जुनी समजूत आता पुरेशी खरी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांचा मार्ग राज्यांना मोकळा झाला, आणि मध्य प्रदेशात या दोन इयत्तांच्या परीक्षा पुन्हा मंडळाच्या धर्तीवर होऊ लागल्या. हे घराला जूनमध्ये कळले तर उपयोग. निकालाच्या दिवशी कळले तर केवळ दुःख.

याहूनही महत्त्वाची वार्ता साधी असते. पहिलीच्या मुलासाठी आरंभीचे तीन महिने खेळ, गाणी, चित्रे यांतून शाळेची तयारी करून घ्यावी, अशी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची योजना आहे. ज्या घराला हे सांगितलेले नसते, ते पाटीवर अक्षर दिसत नाही म्हणून शाळेला नावे ठेवते. मूल आज काय म्हणाले, कोणाशी त्याची मैत्री झाली, मध्यान्ह भोजन त्याने पोटभर घेतले की नाही, एवढे ऐकायला मिळाले तरी निरक्षर आईसही शाळा आपली वाटू लागते. तक्रारीसाठीच बोलावणे येत असेल तर कोणतेही घर शाळेपासून तोंड लपवील. पहिला निरोप चांगल्या बातमीचा असावा, हा नियम अनुभवी मास्तर आपसूक पाळतात.

निरोप पोचविण्याची साधनेही जवळच असतात. आठवड्याच्या हाटाला सारा परिसर लोटतो. तेथे अर्धा तास उभ्या उभ्या झालेले बोलणे दहा परिपत्रकांच्या मोलाचे ठरते. शाळेत अन्न शिजविणाऱ्या बचतगटाच्या स्त्रिया रोज मुलांना पाहतात आणि सायंकाळी त्याच वस्तीत परततात. त्यांच्या तोंडची बातमी घराच्या भाषेतच असते. कारखान्याच्या वस्तीत सभा सुटीच्या दिवशी वा संध्याकाळी घेता येते. दूरध्वनीचाही आधार घ्यावा. २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा मध्य प्रदेशात 'हमारा घर, हमारा विद्यालय' हा उपक्रम निघाला, सकाळी दहा वाजता घरातच थाळी किंवा घंटा वाजवून अभ्यासाला आरंभ करावा असे सुचविले गेले, आणि रेडिओवरूनही पाठ देण्यात आले. त्या दिवसांनी दोन गोष्टी शिकविल्या : घर मनात आणील तर शाळेचा भार उचलू शकते; आणि ज्या घरात फोन नाही, किंवा तो बापाबरोबर कामावर जातो, ते घर फोनच्या भरवशावर सोडले तर अंधारातच राहते. म्हणून लिहिलेला किंवा फोनवर धाडलेला संदेश माणसाच्या भेटीची जागा घेऊ शकत नाही.

वार्तेची वाट दुहेरी असली पाहिजे, हेही विसरता कामा नये. मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, त्याला कमी दिसते की कमी ऐकू येते, कुटुंब केव्हा बाहेरगावी जाणार आणि केव्हा परतणार, हे घराने शाळेला सांगावे. दिवाळीनंतरचा प्रवास आधी कळला तर शिक्षक दाखल्याची आणि परत आल्यावरच्या उजळणीची सोय करू शकतो. मराठी कुटुंबांवरही एक वेगळी जबाबदारी आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेच्या ३५० अ या कलमात म्हटले आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली त्याच वेळी ते कलम घटनेत आले. तशी शाळा जवळ नसेल तेथे घराने एवढे तरी करावे की, मूल घरी मराठी बोलते हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे. भाषा वेगळी म्हणून गप्प बसलेले मूल मंद समजले जाण्याचा प्रसंग त्याने टळतो.

यावर शिक्षकांचे म्हणणे ऐकून घेणे जरूर आहे. लहान गावातील शाळेत पाच इयत्ता आणि दोनच शिक्षक असे चित्र विरळ नाही. त्यातच निवडणुकीची कामे, नोंदी आणि तक्ते येतात. अशा माणसाला घरोघर जा असे सांगणे सोपे, करणे कठीण. परंतु एका दिवशी एकाच घरी जाऊन पाच मिनिटे बोलणे अशक्य नाही. पटावर तीस मुले असतील तर दीड महिन्यात प्रत्येक घराशी एकदा बोलणे होते, आणि तेवढ्यात पेरणीचे दिवसही सरतात. समितीतील पालकांनी हे काम वाटून घेतले तर भार आणखी हलका होतो. समिती त्यासाठीच आहे.

देवासच्या दोन पात्या एक झाल्या त्या विलीनीकरणाच्या करारावर सह्या होऊन. घर आणि शाळा यांचे तसे विलीनीकरण होणार नाही, आणि ते इष्टही नाही. प्रत्येकाचे कार्य निराळे आहे. एवढेच व्हावे की, या दोहोंमधील निरोपांचे ओझे एकट्या मुलाच्या पाठीवर राहू नये. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेने घराचा उंबरठा एकदा ओलांडला आणि घराने शाळेचा, तर दिवाळीनंतर रिकाम्या राहणाऱ्या जागांपैकी काही तरी निश्चित भरलेल्या दिसतील.