चेंडूविषयी बोला
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



“पोरगा रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर मित्रांशी कसली चर्चा करतो कोण जाणे,” अशी तक्रार पालक माझ्याकडे नेहमी करतात. मी मुलांनाच विचारले. बहुतेक चर्चा क्रिकेटची निघाली, आणि त्यातही यंत्र खरे की पंच खरा, याची. वेळेचे भान ठेवले तर असा वाद मला मुळीच वाईट वाटत नाही.

मोहालीचा सामना घ्या. 30 मार्च 2011, विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध पाकिस्तान. सचिन तेंडुलकर 23 धावांवर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंचांनी त्याला पायचीत दिले. सचिनने दाद मागितली, पडद्यावर चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जाताना दिसला आणि निर्णय फिरला. सचिनने 85 धावा केल्या. भारत 29 धावांनी जिंकला.

यंत्राने हे कसे ठरवले? मैदानाभोवतीचे कॅमेरे निरनिराळ्या कोनांतून चेंडू टिपतात व त्यावरून संगणक त्याचा मार्ग मांडतो. मात्र पॅडवर आदळल्यानंतरचा मार्ग कोणीच पाहिलेला नसतो. तो गणिताने काढलेला अंदाज असतो. म्हणूनच चेंडूचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला, तर मैदानातील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. ज्या भूमितीला आमची मुले कंटाळतात, तीच येथे कामास येते!

याच चेंडूविषयी एक विद्यार्थी मला हळूच म्हणाला, “सर, जुनी फीत पाहून मला वाटतं सचिन आउट होता. पण मित्रांत बोलत नाही. बोललो तर पाकिस्तानचा ठरेन.”

मन विषण्ण झाले. त्याची भीती खोटी आहे असे तरी कसे म्हणू? 24 ऑक्टोबर 2021 रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून 10 गडी राखून हरला, आणि समाजमाध्यमांवर मोहम्मद शमीच्या धर्मावरून त्याला नाही नाही ते ऐकवले गेले. कर्णधार विराट कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली, हेही लक्षात ठेवा.

मी मुलाला म्हटले, गप्प बसू नकोस. चेंडू कोठे पडला, पॅडला कोठे लागला, तेवढेच बोल. कोणी चेंडू सोडून तुझ्या धर्मावर आला तर शिवीला शिवी देऊ नकोस; त्याला पुन्हा चेंडूवर आण. आणि आपल्या मोहल्ल्यातील पोरे दुसऱ्यांच्या खेळाडूंविषयी वेडेवाकडे बोलतात, तेव्हाही तोंड उघड. तेथे आपण सारेच मोठी माणसे कानाडोळा करतो.

आठवड्याने तो हसत आला. त्याच्या वर्गमित्राने कागदावर रेघा मारून चेंडू किती वळला हे त्याला दाखवले होते. “सर, हरलो मी,” म्हणाला. “पण उद्या दुसरा चेंडू काढणार आहे.”